पंधरा सुट्ट्यांचं बेट

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



आपल्याकडं गुलमोहर फुलला की समजायचं, परीक्षा संपल्या. आता गावाला जायचं, जत्रा-उरूस बघायचे, आंबे खायचे. एप्रिल-मे ही त्याची वेळ. मॉरिशसमध्ये हाच गुलमोहर डिसेंबरात फुलतो. नाताळ आणि गुलमोहर एकाच आठवड्यात! लिचीही त्याच सुमाराला पिकते, त्यामुळं नाताळच्या टेबलावर केकच्या शेजारी लिचीचे घड असतात. यात नवल काही नाही. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर आहे. आपण इथं कपाटातून स्वेटर काढतो तेव्हा तिथं पंखे लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा. शिवाय गुलमोहर हे झाडच मुळात शेजारच्या मादागास्करचं. तेव्हा ऋतू चुकला असेलच, तर तो आपल्याकडं येऊन चुकला.

आज मला या उन्हाळ्यातल्या सणांविषयी बोलायचं आहे. मी त्या बेटावर दोनदा गेलो, दोन्ही वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये. गेलो कवितेच्या निमित्तानं आणि अडकलो सणांत.

बेट केवढं? १,८६५ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान. लोकसंख्या बारा लाखांच्या वर. आणि वर्षाला सार्वजनिक सुट्ट्या पंधरा. आपल्याला पंधरा म्हणजे फार वाटणार नाहीत, आपल्या सरकारी कचेऱ्यांच्या सुट्ट्या मोजायला लागलं तर बोटं पुरत नाहीत. पण तिथल्या पंधरांची गंमत वेगळी आहे. या बेटावर मूळचे रहिवासी असे कुणी नव्हतेच. डच आले, ते गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले. हिंदुस्थानातून मजूर आले, व्यापारी आले, चीनमधून दुकानदार आले. जो आला तो जहाजातून आला आणि येताना आपापलं पंचांग घेऊन आला. पुढं देश स्वतंत्र झाल्यावर या पंचांगांची वाटणी करावी लागली. जमिनीची वाटणी करतात ना, तशीच.

बघा कशी झाली आहे ती. तमिळांना थैपुसम कावडी. चिन्यांना वसंतोत्सव, म्हणजे त्यांचं नवं वर्ष. बिहारकडून आलेल्या हिंदूंची महाशिवरात्र. तेलुगूंची उगादी. मुसलमानांची ईद. आपल्या मराठी माणसांची गणेश चतुर्थी. दिवाळी सगळ्याच हिंदूंची. ख्रिस्ती लोकांचा नाताळ, शिवाय एका वर्षी मेरी मातेचा ऑगस्टमधला सण आणि दुसऱ्या वर्षी १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, असे आळीपाळीनं. उरलेल्या सुट्ट्या देशाच्या: नव्या वर्षाचे दोन दिवस, गुलामगिरी संपल्याचा १ फेब्रुवारी, स्वातंत्र्याचा १२ मार्च, कामगारांचा १ मे आणि हिंदी मजूर आले तो २ नोव्हेंबर. आता यातल्या उन्हाळ्यातल्या मोजा. दिवाळी धरली तर नोव्हेंबरच्या आगेमागे सुरू होऊन मार्च संपेपर्यंत अकरा तरी भरतात. गणपती मात्र उन्हाळ्यात येत नाही, तो तिथल्या थंडीच्या शेवटाला येतो. रत्नागिरी आणि आसपासच्या मुलखातून गेलेल्या आपल्या लोकांनी तो टिकवला, कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' होऊन नाचली, पण तो विषय मोठा आहे, पुन्हा केव्हातरी.

माझे तिथले यजमान निवृत्त शिक्षक होते, शाळेत मराठी शिकवायचे. तिथं भारतीय भाषा शिकवणाऱ्याला सगळे गुरुजीच म्हणतात, मीही म्हणायला लागलो. घरात सगळे क्रिओल बोलायचे. माझ्याशी बोलताना ते जपून, शब्द निवडून मराठी बोलायचे, ठेवणीतले कपडे घातल्यासारखं. मी त्यांना विचारलं, "गुरुजी, गुढीपाडव्याला सुट्टी असते का तुम्हाला?"

"असते ना भाई."

"अरे वा!"

"पण ती उगादीची."

आणि ते मोठ्यानं हसले. तिथी एकच, पण कॅलेंडरात नाव तेलुगूंचं. आमची गुढी त्यांच्या सुट्टीत उभी राहते, म्हणाले. तुमचा गणपती आहे ना, मग पाडवा कशाला? असा तो हिशेब. मी विचारलं, वाईट वाटतं का? ते म्हणाले, "वाईट कशाला वाटायचं? सुट्टी तर मिळते." पण थोडं थांबून म्हणाले, "नाव असतं तर बरं वाटलं असतं."

हे नावाचं प्रकरण तिथं फार नाजूक आहे. १९९८ मध्ये नव्या नोटा छापल्या गेल्या. त्यांवर तमिळ अक्षरांची जागा बदलली, आधी नागरी आणि मग तमिळ असा क्रम झाला. तमिळ समाजात एवढा संताप झाला की त्या नोटा मागं घ्याव्या लागल्या. आपल्याला हसू येईल. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या नावाचे सरकारी दप्तरात हवे तसे तुकडे करून टाकले होते, त्यांना आपली ओळ वर की खाली हे दिसतं. कवी म्हणून मला हा राग समजतो. आमच्यातही कार्यक्रमपत्रिकेत नाव कितवं आलं यावरून अबोले धरतात, आणि तिथं तर कारणही धड नसतं.

सुट्टी एवढी मोलाची का, हे समजायला उसाच्या मळ्यात जावं लागतं. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. नुकसानभरपाई मिळाली, ती मालकांना. गुलामांना मिळाली 'उमेदवारी'. त्याच मालकाकडं आणखी काही वर्षं राबायचं, ते १८३९ पर्यंत चाललं. मालकांनी मधल्या काळात दुसरी सोय बघितली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून छत्तीस मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. त्यांच्यामागून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. ती जिथं उतरली त्या धक्क्याला आता आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. समुद्राकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, सोळा. दर २ नोव्हेंबरला तिथं फुलं वाहतात.

या मजुरांच्या करारात एक कलम होतं, त्याला 'डबल कट' म्हणत. दुहेरी कपात. एक दिवस कामावर आला नाहीस तर दोन दिवसांची मजुरी कापली जाईल. आजारी असशील, नातलग मेला असेल, सण असेल, मुकादमाला त्याच्याशी देणंघेणं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होतं. म्हणजे पणजोबांनी ज्या सणाची किंमत दोन दिवसांच्या पोटानं मोजली, त्याच सणाला आज पणतू पगारी सुट्टीवर आहे. हे कळल्यावर मी त्या कॅलेंडराकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. सुट्टी म्हणजे आपल्याकडं लोळायचा दिवस. तिथं ती जिंकलेली वस्तू आहे.

आणि बरेचसे सण उन्हाळ्यात का गोळा झाले? एक तर पंचांगानंच ते तिथं पडतात, शिवरात्र आपल्या हिवाळ्याच्या शेवटी, ती त्यांच्या ऐन उकाड्यात. पण उसाचाही त्यात हात आहे. तोडणी जूनमध्ये सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत आटोपते. मग कारखान्यांचे भोंगे बंद होतात. शेतात ऊस वाढत असतो, हात मोकळे असतात. आपली जत्राही सुगी झाल्यावरच भरते की.

१ फेब्रुवारीला मी ल मोर्न नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी होतो. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला हा काळा कडा, ५५६ मीटर उंच. मळ्यांवरून पळालेले गुलाम या डोंगरावर लपून राहत. लोक सांगतात की गुलामगिरी संपल्याचं सांगायला सोजीर डोंगराकडं निघाले, वरून ते बघणाऱ्यांना वाटलं की आपल्याला पकडायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून खाली उड्या घेतल्या. ही लोककथा आहे, कागदावर तिचा पुरावा मागू नये. २००८ पासून हा डोंगरही जागतिक वारसा आहे. त्या दिवशी तिथं पुष्पचक्रं असतात, मंत्री असतात, भाषणं असतात. ती कुठंही असतात तशीच होती. मग सेगा सुरू झाला.

सेगा ही गुलामांची गाणी-नाच. वाद्यं तीन. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा, उथळ डफ. मारावान म्हणजे आत बिया भरलेली चपटी पेटी, ती हलवायची. आणि एक लोखंडी त्रिकोण. वाजवण्याआधी रावान जाळावर धरून तापवतात. आपला हलगीवाला चगाळा पेटवून हलगी शेकतो ना, अगदी तसंच. त्या परक्या समुद्रकिनाऱ्यावर तो कातड्याचा भाजका वास आला आणि मला क्षणभर कळेना की मी कुठं आहे. नाचणारे पाय वाळूवरून फारसे उचलत नाहीत, घासत जातात. पायात साखळदंड असल्यामुळं अशी चाल पडली, असं सांगणारे भेटतात. वाळूत पाय उचलणं जडच जातं, असं म्हणणारेही भेटतात. मला दुसरं पटलं, पण पहिलं विसरता येत नाही.

या सेग्याला फार काळ प्रतिष्ठित घरांत जागा नव्हती. २०१४ मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीचा वारसा म्हटलं, २०१६ मध्ये भोजपुरी बायकांच्या लग्नातल्या 'गीत-गवई'ला म्हटलं. आता दोन्ही हॉटेलांत पर्यटकांसमोर होतात. चालायचंच.

कावडी मात्र पर्यटकांसाठी नाही. पर्यटक येतात, फोटो काढतात, पण काही वेळानं कॅमेरा खाली घेतात. तमिळांचा हा मुरुगनचा सण जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतो. दहा दिवस व्रत. मग नदीवर स्नान करून जिभेत, गालांत सुया टोचून घेतात, पाठीला आकडे लावतात. कुणी खिळ्यांच्या खडावा घालून चालतो. खांद्यावर फुलांनी आणि लिंबांनी सजवलेली लाकडी कमान आणि तिच्यावर दुधाचे गडू. भर उन्हात देवळापर्यंत चालत जायचं आणि दूध नासू द्यायचं नाही. कात्र बोर्न गावाजवळ कोर द गार्द नावाचा डोंगर आहे, त्याच्या उतारावर मुरुगनचं देऊळ आहे. तिथं चढणाऱ्या ओळीत मला एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा दिसला. त्याची आई शेजारून चालत होती आणि दर काही पावलांनी त्याच्या पायांवर पाणी ओतत होती. डांबर तापलेलं होतं. दोघांपैकी कुणी काही बोलत नव्हतं, मुलाला तर बोलताच येत नव्हतं, जिभेत सुई होती.

चढ संपल्यावर जेवण. केळीच्या पानावर सात भाज्या, त्याला तिथं सात करीच म्हणतात. फणस असतो, भोपळा असतो. पंगतीत मी बसलो तर माझ्या उजव्या हाताला एक चिनी म्हातारे होते, डाव्या हाताला गुरुजी. कुणी कुणाला विचारत नव्हतं. चिनी आजोबांनी सांगितलं की त्यांच्या नव्या वर्षाला ते मेणकेक वाटतात. नाव मेणाचं, प्रत्यक्षात तांदळाच्या पिठाचा आणि साखरेचा चिकट, चकचकीत केक. त्या दिवशी घरात सुरी-कात्री चालवायची नाही म्हणून सगळं आदल्या दिवशी चिरून ठेवायचं. त्यांच्या शेजारच्या मुसलमान घरातून ईदला शेवया येतात, दिवाळीला हिंदू घरांतून रताळ्याच्या करंज्या येतात. त्यांना तिथं 'गातो पाताट' म्हणतात, दिवाळीचं हेच मुख्य पक्वान्न. आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री सगळेच फटाके वाजवतात आणि एकमेकांना 'बनाने!' म्हणतात. 'बॉन आने' या फ्रेंच शब्दांचं ते क्रिओल रूप. केळ्यांचा संबंध नाही, मी विचारून घेतलं.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, झालं, आता हा कवी सर्वधर्मसमभावाचं गाणं म्हणणार. तसं नाही. गुरुजींनी त्यांच्या परसातली एक भिंत मला दाखवली. कमरेएवढी. पलीकडं एक क्रिओल कुटुंब. या भिंतीवरून वर्षानुवर्षं ताटं जा-ये करत आली. १९६० मध्ये कॅरोल नावाचं भयंकर चक्रीवादळ झालं, तेव्हा पत्र्याची आणि गवताची घरं उडून गेली. आता तिथं बहुतेक घरं सिमेंटची, सपाट छपरांची आहेत ती त्या धड्यामुळं. उन्हाळा म्हणजे वादळांचाही हंगाम. इशारे चार पायऱ्यांनी दिले जातात, चौथा आला की घराबाहेर पडायचं नाही. अशा रात्री दोन्ही घरं एका छपराखाली काढलेल्या, गुरुजींची आई आणि पलीकडची आजी कंदिलाच्या उजेडात मटार सोलत बसलेल्या, असं ते सांगत होते.

"आणि एका वर्षी तीन आठवडे या भिंतीवरून काही आलं नाही, गेलं नाही," ते म्हणाले.

ते वर्ष १९९९. काया नावाचा क्रिओल गायक होता. सेगा आणि रेगे यांची सांगड घालून त्यानं 'सेगे' नावाचा प्रकार लोकप्रिय केला होता. त्याला अटक झाली आणि २१ फेब्रुवारी १९९९ रोजी तो पोलिस कोठडीत मेला. बेट पेटलं. ठाणी जाळली गेली, दुकानं लुटली गेली, क्रिओल विरुद्ध हिंदू असं वळण लागलं, माणसं मेली. चार दिवस देश बंद होता. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष कासम उतीम आणि कार्डिनल ज्याँ मार्जेओ, म्हणजे एक मुसलमान आणि एक कॅथलिक, बेटावर फिरून लोकांना शांत राहायला सांगत होते. हे सगळं घडलं कधी? शिवरात्र होऊन आठवडा झालेला, चिनी नवं वर्ष होऊन पाच दिवस. सणांचा ऐन हंगाम. म्हणजे शेवया आणि करंज्यांनी सगळं निभावतं असं नाही. पोट भरलेल्या माणसाला करंजी गोड लागते. क्रिओल वस्तीतल्या मुलाला नोकरी नव्हती, शाळा अर्धवट सुटलेली होती, आणि जमातींच्या यादीत त्याच्या समाजाचं वेगळं नावसुद्धा नव्हतं. हिंदू, मुसलमान, चिनी आणि बाकी उरले ते 'सर्वसाधारण लोकसंख्या', अशी तिथल्या राज्यघटनेची भाषा आहे. 'इतर' या रकान्यात राहणं म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी फुटबॉलवरूनही जीवघेणा दंगा झाला. तिथले क्लब जमातवार वाढलेले होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स अशी त्यांची जुनी नावं. नंतर सरकारनं क्लब गावांच्या आणि विभागांच्या नावानं नव्यानं बांधले. खेळ निवळला, पण मैदानं ओस पडली, असं जुने शौकीन म्हणतात.

आणि त्या भिंतीचं काय झालं? १२ मार्च उजाडला. १९६८ मध्ये याच तारखेला देश स्वतंत्र झाला, गांधीजींच्या दांडीयात्रेची तारीख म्हणून ती निवडलेली. गुरुजींच्या आईनं सकाळी उठून दालपुरी केली. हरभऱ्याच्या डाळीचं सारण भरलेली ही पोळी बिहारी मजुरांनी नेली आणि आता ती बेटावरच्या सगळ्यांचीच झाली आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर गाड्या असतात. तिनं ताट भरलं, भिंतीवर ठेवलं आणि आत निघून आली. हाक मारली नाही. दुपारी ताट तिथंच होतं. संध्याकाळी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं ताट भिंतीवर होतं, रिकामं. रिकामं ताट परत करायचं नसतं ही रीत पलीकडच्यांना चांगली ठाऊक होती. "आई म्हणाली, असू दे. ताट आलं ना," गुरुजी म्हणाले. पुढं ईस्टरला पलीकडून केक आला.

महाशिवरात्रीचा उत्सव मात्र भिंतीवर मावणारा नाही. बेटाच्या मधोमध, उंचावर, जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यात एक तळं आहे, ग्रां बासें. १८९७ मध्ये त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की या तळ्याचं पाणी गंगेशी जोडलेलं आहे. दुसऱ्या वर्षी काही लोक चालत गेले. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात ओतलं आणि नाव पडलं गंगा तलाव. आता शिवरात्रीला लाखो माणसं बेटाच्या चहूबाजूंनी पांढऱ्या कपड्यांत चालत येतात. काही जण दोन-दोन, तीन-तीन दिवस चालतात. बरोबर कांवर. तमिळांची कावडी, बिहारींची कांवर, आपली कावड, शब्द एकच. आमच्या साताऱ्याकडं चैत्रात शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवाला कावडी जातात, मुंगी घाटातून दोर लावून वर चढवतात. लहानपणी आमच्या दारावरून त्या जायच्या आणि माझी आई पाण्याची घागर भरून ओट्यावर ठेवायची. मॉरिशसमध्ये मी रस्त्याकडेला सरबताचे पिंप घेऊन उभी असलेली मुसलमान पोरं बघितली, कॅथलिक बायका बघितल्या. मला ते ओळखीचं वाटलं, अप्रूप नाही.

पण कांवर आता खांद्यावर राहिलेली नाही. ती मोठी झाली. आधी बांबूची हलकी कमान होती, मग चाकांवर आली, मग तिच्यावर मूर्ती आल्या, दिवे आले, जनरेटर आला, कर्णे आले. गावागावांत चढाओढ लागली, कुणाची उंच. मार्च २०२४ मध्ये शिवरात्रीच्या काही दिवस आधी अशी एक कांवर विजेच्या तारांना लागली, आग लागली आणि सहा यात्रेकरू गेले. तळ्याच्या काठावर १०८ फुटी शंकर २००७ पासून उभा आहे, त्याच्यासमोर १०८ फुटी दुर्गा २०१७ मध्ये आली. मूर्ती घडवणाऱ्यांची श्रद्धा मी मोजणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण उंचीचं हे वेड मी इथं गणपतीच्या मंडपात बघतो, उरुसाच्या संदलमध्ये बघतो, आणि सरळ सांगतो, मला त्याची भीती वाटते. मुंगी घाटातला कावडीवाला दुसऱ्याच्या हाताला हात देऊन चढतो. दहा फुटांवरचा कर्णा कुणाचा हात धरत नाही.

आता थोडं माझ्या लोकांविषयी. पोर्ट लुईची जुम्मा मशीद चिनी वस्तीला लागून आहे, एकोणिसाव्या शतकातली. आतल्या अंगणात बदामाचं झाड, बाहेर चिनी अक्षरांच्या पाट्या. मॉरिशसच्या मुसलमानांना सार्वजनिक सुट्टी एकच, रमजान ईदची. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात हिंदी मजुरांचा मोठा सण मोहरम होता. 'या हुसेन' या आरोळीचं तिथं 'यामसे' झालं आणि त्या नावानं तो ओळखला जाई. ताबुतांत हिंदूही असत. आपल्या कडेगावचे ताबूत ज्यांनी बघितले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पुढं जो तो आपापल्या सणाकडं गेला, पंचांगं शुद्ध झाली. पोर्ट लुईत अजून ताबूत निघतो, 'घून' म्हणतात त्याला, पण तो आता त्या मोहल्ल्याचा आहे. शुद्धीकरणात असं काहीतरी हरवतंच, आपल्याकडंही हरवलं.

पण चंद्र कुणाचं ऐकत नाही. चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतं, त्यामुळं रमजान सगळ्या ऋतूंत फिरून येतो. गेली काही वर्षं तो मॉरिशसच्या उन्हाळ्यात शिरला आहे. २०२६ चं तिथलं कॅलेंडर बघा. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याचा दिवस आणि त्याच दिवशी कावडी. १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र. १७ ला चिनी नवं वर्ष. १८ ला ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार, त्यांच्या उपासांची सुरुवात, आणि त्याला लागूनच रमजानचा पहिला रोजा. एका आठवड्यात निम्म्या बेटाला कसला ना कसला उपास. पुढं १९ मार्चला उगादी, आणि चंद्र दिसेल तसं दोन दिवसांच्या आत ईद.

मी गुरुजींना फोन करून ही तारखांची जुळणी सांगितली. म्हटलं, बघा, पाडवा आणि ईद जवळजवळ आले.

"उगादी आणि ईद," त्यांनी मला दुरुस्त केलं. मग म्हणाले, "भाई, शेवया ईदच्या आधी पाठवल्या तरी चालतील ना? पाडव्याला पाहुणे येणार आहेत, आणि पलीकडच्या पोरीला त्या फार आवडतात."